जॅझ ट्रम्पेटसाठी माइक: आधी जागा, मग अंतर, मग कॅटलॉग

ट्रम्पेट वाजवणारा माणूस स्वतःच्या वाद्यासमोर कधीच उभा नसतो. तो कायम बेलच्या, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाच्या, मागे. त्याच्या कानावर येतो तो भिंतींवरून, छतावरून फिरून आलेला, कडा झिजलेला आवाज. आपण मात्र माइक थेट बेलच्या तोंडाशी नेऊन ठेवतो, आणि मग टेक ऐकताना तो तोंड वाकडं करून म्हणतो, "हा माझा टोन नाही." बिचारा खरंच बोलत असतो. इतक्या जवळून, इतक्या समोरून तो टोन त्याने ऐकलेला नसतो आणि मैफलीतल्या श्रोत्यानेही ऐकलेला नसतो.

त्यामुळे माइकची निवड मी उलट्या टोकाकडून करतो. आवाज कुठून ऐकायचा ते आधी ठरवायचं, त्या जागी कोणता माइक टिकेल ते मग बघायचं. कॅटलॉग उघडायचा तो सगळ्यांत शेवटी.

पहिली पायरी: माइक पेटीतच राहू द्या

वादकाला एखादी संथ बॅलड वाजवायला सांगा आणि त्याच्याभोवती फिरा. मीटरभर समोर उभे राहा, मग हळूहळू बाजूला सरका. एक कान बोटाने बंद करून ऐकलंत तर माइकला काय ऐकू येईल याचा अंदाज जास्त चांगला येतो. बेलच्या रेषेतून तीसेक अंश बाहेर आलात की आवाजाची धार उतरते. पूर्ण बाजूला गेलात की उरतो तो गोल, काहीसा मंद गाभा. फक्त जोरात वाजवत असताना कान बेलजवळ नेऊ नका. हा प्रयोग हलक्या आवाजात आणि मीटरभर अंतरावरूनच करायचा.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढची निम्मी निवड आपोआप होते. बी-फ्लॅट ट्रम्पेटचा सर्वांत खालचा स्वर १६५ हर्ट्झच्या आसपास असतो आणि नेहमीच्या वापरातले वरचे स्वर ९००-१००० हर्ट्झपर्यंत जातात. म्हणजे ज्याला आपण 'चमक' म्हणतो ती जवळपास सगळी हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या उपस्वरांची. खालच्या पट्टीतला आवाज बेलमधून चहूकडे पसरतो. साधारण २००० हर्ट्झच्या वर मात्र बेल टॉर्चसारखी वागते, झोत सरळ समोर. माइक झोतातून थोडा बाहेर सरकवणं म्हणजे फुकटचा ईक्यू (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायची सोय), आणि तो कुठल्याही नॉबपेक्षा गोड असतो.

आणखी एक गोष्ट ट्रम्पेटला इतर वाद्यांपासून वेगळं काढते. जोरात फुंकल्यावर सुमारे दीड मीटर लांबीच्या त्या अरुंद नळीत ध्वनिलहरीचा चढ अधिकाधिक उभा होत जातो आणि वरची हार्मोनिक्स झपाट्याने वाढतात. आवाज नुसता मोठा होत नाही, त्याची जात बदलते. म्हणून हळू वाजणाऱ्या फ्रेजवर 'काय छान मोकळा आवाज आहे' म्हणून पसंत केलेला माइक क्लायमॅक्सला पत्रा कापल्यासारखा लागतो. कोणताही माइक फक्त हळू वाजवून पारखू नका.

दुसरी पायरी: रेकॉर्डिंग कसलं आहे ते ठरवा

इथे घाई होते आणि नंतर ती महागात पडते. ट्रम्पेट एकटाच, तयार ट्रॅकवर वाजणार आहे की पाच जण एकाच खोलीत एकदम वाजवणार आहेत? खोली ऐकण्यासारखी आहे की लपवण्यासारखी? म्यूट (बेलवर लावायची, आवाज दाबून त्याचा रंग बदलणारी टोपणं) किती वापरले जाणार? मध्येच फ्लूगलहॉर्न, म्हणजे ट्रम्पेटचा मऊ आवाजाचा भाऊबंद, येणार का? वादक एका जागी उभा राहतो की वाजवताना डुलतो? वादकाला हे प्रश्न आदल्या दिवशीच विचारा. सेशनच्या वेळी तो ओठांच्या काळजीत असतो, तुमच्या माइकच्या नाही.

खोलीचा प्रश्न सगळ्यांत मोठा. रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर १९५० च्या दशकात न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात जॅझ रेकॉर्ड करत होते, १९५९ मध्ये त्यांनी एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा उंच छताचा स्टुडिओ उभारला. त्याच काळात कोलंबिया कंपनी न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चमध्ये रेकॉर्डिंग करत होती. दोन्हीकडे नॉयमन कंपनीचे कंडेन्सर (बारकावे टिपणाऱ्या, वीज लागणाऱ्या प्रकारचे) माइक होते. तरी व्हॅन गेल्डरांचा ट्रम्पेट कानाशी येऊन बोलतो आणि चर्चमधल्या ट्रम्पेटभोवती हवा असते. ती हवा माइक विकत घेऊन मिळत नाही. आठ फूट छताच्या चौकोनी खोलीत मीटरभर लांब माइक लावून 'जुन्या जॅझचा आवाज' शोधू नका. सापडेल तो खोलीचा डबडबाट.

तिसरी पायरी: माहितीपत्रकातले चारच आकडे वाचा

पहिला आकडा कमाल ध्वनिपातळीचा. ३० सेंटिमीटरवर, झोताच्या मध्यात, जोरात वाजलेल्या ट्रम्पेटची शिखरं १२५ ते १३० डेसिबलच्या घरात जाऊ शकतात. आता यू ८७ एआय हा नामांकित माइक घ्या: पॅड (पातळी कमी करणारा स्विच) न लावता त्याची मर्यादा ११७ डेसिबल, पॅड लावून १२७. सी ४१४ एक्सएलएस हा दुसरा माइक पॅडशिवायच १४० डेसिबल झेलतो. म्हणजे यू ८७ बाद का? अजिबात नाही, त्याला पॅड लावा आणि दोन पावलं मागे न्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. एक लक्षात ठेवा, पॅड माइकवरचाच हवा. आवाज माइकच्या आतल्या सर्किटमध्येच फाटला असेल तर प्रीॲम्पवरचा (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रावरचा) पॅड तो फाटलेला आवाज फक्त हळू करून देतो.

दुसरं पाहायचं ते ३ ते १० किलोहर्ट्झमधला आलेखाचा उंचवटा. गायकांसाठी बनवलेल्या बऱ्याच कंडेन्सरमध्ये तिथे मुद्दाम उठाव दिलेला असतो. ट्रम्पेटकडे त्या भागात आधीच भरपूर माल आहे. त्यात माइकने भर घातली की डोकं धरायची पाळी येते.

तिसरा पोलर पॅटर्न, म्हणजे माइक कोणत्या दिशांनी किती ऐकतो ते. चौथा सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या आवाजाला माइक किती सिग्नल देतो) आणि माइकचा स्वतःचा नॉइज. उघड्या ट्रम्पेटला याने फारसा फरक पडत नाही, हार्मन म्यूट (आवाज अगदी बारीक करणारा धातूचा म्यूट) लावला की पडतो.

चौथी पायरी: जात निवडा

रिबन. एकच माइक जवळ ठेवायची परवानगी असेल तर जॅझ ट्रम्पेटसाठी मी रिबन ठेवीन. चुंबकाच्या फटीत टांगलेली ॲल्युमिनियमची अतिपातळ पट्टी, तिचा वरच्या फ्रिक्वेन्सींकडचा उतार सौम्य. ट्रम्पेट जिथे टोचतो तिथेच हा माइक थोडा हात आखडता घेतो, त्यामुळे दोघांचं जमतं. आरसीएचे ४४ आणि ७७, बीबीसीच्या संशोधनातून आलेला कोल्स ४०३८, १९९८ मध्ये आलेला रॉयर आर-१२१ ही या घराण्यातली ठळक नावं. आर-१२१ ची मर्यादा १३५ डेसिबल आहे आणि त्यात एक गंमत दडली आहे: त्यातली रिबन मध्यभागी नसून पुढच्या बाजूला सरकवलेली आहे, त्यामुळे जवळून मागच्या बाजूने वाजवलं तर आवाज थोडा उजळ येतो. असं वापरलंत तर पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटी होते, ती प्रीॲम्पवर सरळ करून घ्या.

बहुतेक रिबन फिगर-ऑफ-एट असतात, समोरून आणि मागून सारखंच ऐकतात. मागे जवळच उघडी भिंत असेल तर तिच्यावरून परतलेला आवाज मागच्या दाराने आत शिरतो. माइकच्या मागे जाड रजई टांगा, किंवा बायर एम १६० सारखा हायपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरूनच ऐकणारा) रिबन घ्या. लहान खोलीत मला तोच जास्त बरा वाटतो.

रिबनचं आउटपुट कमी असतं म्हणून 'भरपूर गेनचा प्रीॲम्प लागेल' ही भीती ट्रम्पेटच्या बाबतीत फुकट आहे. वाद्यच इतकं मोठं आहे की साधा प्रीॲम्पही पुरतो. हार्मन म्यूट लावल्यावर मात्र ती भीती खरी ठरते. जपायचं ते वेगळ्याच गोष्टींना: माइकवर फुंकर मारून 'चालू आहे का' बघणारे हात आणि तोंडं, धाडकन बंद होणारी पेटी, आणि चुकीच्या जोडणीच्या केबलमधून शिरणारी फॅन्टम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज). पॅसिव्ह (आत वीज लागणारं सर्किट नसलेला) रिबन जोडण्याआधी फॅन्टम बंद करा. ॲक्टिव्ह रिबनला मात्र ती लागतेच.

मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने हलणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर. १९४९ चा यू ४७, त्यानंतरचे एम ४९ आणि यू ६७: आपल्या कानात बसलेला १९५०-६० च्या दशकांतला जॅझ ट्रम्पेट मोठ्या प्रमाणात यांच्यातूनच आलेला आहे. श्वास, जिभेचा आघात, स्वर सुटतानाची ती बारीकशी थरथर हे सगळं कंडेन्सर पकडतो. पण जुन्या ट्यूब माइकचा उबदार आवाज आठवून आजचा एखादा चमकदार कंडेन्सर घेऊ नका, दोन्हींत फक्त वर्गाचं नाव सारखं आहे. घ्यायचाच तर पॅड असलेला, पॅटर्न बदलता येणारा आणि वरचा उठाव कमी असलेला घ्या. सी ४१४ मध्ये एक्सएलएस आणि एक्सएल-टू (XLII) असे दोन प्रकार मिळतात; दुसऱ्यात वरचा उठाव जास्त, म्हणून ट्रम्पेटला पहिला.

डायनॅमिक, म्हणजे चुंबक आणि कॉइलवर चालणारा दणकट प्रकार. याला कोणी मानाचं पान देत नाही, आणि तो अन्याय आहे. १९६० पासून चालत आलेला एमडी ४२१ किंवा १९६८ चा आरई२० ट्रम्पेटसमोर निर्धास्त उभा राहतो. आरई२० ची खासियत ही की जवळ गेल्यावर खालचा आवाज फुगत नाही, त्यामुळे पुढेमागे होणाऱ्या वादकाला तो सांभाळून घेतो. खोली वाईट असेल तर महागड्या कंडेन्सरपेक्षा हा जवळ लावलेला कधीही चांगला. एसएम५७ ने काम भागतं. फक्त त्याला झोतातून बाहेर काढा, त्याचा वरचा उठाव नेमका ट्रम्पेटच्या धारेवर बसतो.

लहान डायफ्रॅमचे कंडेन्सर मी पूर्ण सेक्शन किंवा खोलीचा आवाज घ्यायला वापरतो, सोलोला क्वचित. बेलवर चिकटवायचा क्लिप माइक स्टेजसाठी आहे. त्यात व्हॉल्व्हची खटखट येते आणि वादकाला माइकपासून लांब-जवळ होऊन रंग बदलता येत नाही. जॅझमध्ये हे दुसरं नुकसान मोठं.

पाचवी पायरी: अंतर आणि कोन

१९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा रेकॉर्डिंगला माइक वापरायची पद्धत आली नव्हती, सगळे एका भोंग्यासमोर उभे राहत. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका जोरकस होता की त्याला इतरांपासून बरंच मागे उभं केलं, अशी गोष्ट जॅझवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. अंतराने मिक्स करायची ती रीत अजून जुनी झालेली नाही.

सुरुवात ५०-६० सेंटिमीटरपासून करा. माइक बेलच्या रेषेच्या किंचित वर किंवा बाजूला, १५ ते ३० अंश झोताबाहेर. आवाज टोचत असेल तर आधी कोन वाढवा, मग अंतर, आणि तरीही टोचला तर माइक बदला. आवाज दूरचा, पोकळ वाटला तर ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ या. खोली सुंदर असेल तर मीटरच्या पलीकडेही जा. उंची ठरवताना वादकाला खरोखर वाजवू द्या. बहुतेक जण ट्रम्पेट किंचित खाली झुकवून धरतात, आणि सोलो रंगला की बेल वर उचलतात. 'असा धरतो' म्हणून दाखवलेली मुद्रा आणि वाजवतानाची मुद्रा यांत वीतभर फरक पडतो.

आणि म्युझिक स्टँड! एका सेशनला ट्रम्पेट नाकात बोलल्यासारखा येत होता. मी तासाभरात तीन माइक बदलले, प्रीॲम्प बदलला, केबलवरही संशय घेतला. वादक शांतपणे पाणी पीत बसला होता. शेवटी नोटेशनचं पान खाली पडलं, ते उचलायला मी वाकलो आणि वाकताना माझा कान स्टँडच्या पत्र्याजवळ गेला. वादक तेवढ्यात वॉर्म-अपचे स्वर काढत होता आणि पत्रा अक्षरशः बोलत होता. गणित साधं आहे. स्टँडवरून आपटलेला आवाज थेट आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त चालला तर तो १ मिलिसेकंद उशिरा माइकवर पोचतो, आणि ५००, १५००, २५०० हर्ट्झ असे ओळीने खळगे पडतात. स्टँड खाली घेतला, तिरका केला, वर जाड टॉवेल टाकला. पहिलाच माइक परत लावला आणि सेशन पुढे गेलं.

जागा ठरली की जमिनीवर वादकाच्या पायांशी टेप चिकटवा.

सहावी पायरी: म्यूट आणि फ्लूगलहॉर्न

हार्मन म्यूटमधली मधली नळी काढून, माइकच्या अगदी जवळ जाऊन वाजवणं ही माइल्स डेव्हिसची ओळख झाली. तो आवाज घडवण्यात माइकचा वाटा वाद्याइतकाच आहे. म्यूटमुळे आवाज बारीक आणि किरकिरा होतो, त्याचं पोट जातं. ५-१० सेंटिमीटरवर आल्यावर दिशात्मक माइकच्या प्रॉक्सिमिटी इफेक्टमुळे (जवळ गेल्यावर खालचा आवाज फुगण्याच्या गुणामुळे) ते थोडंफार परत येतं. यासाठी कमी नॉइजचा कंडेन्सर उत्तम, रिबनही सुरेख. पण खरा धोका पुढे आहे: म्यूटसाठी गेन वाढवलेला असतो, आणि वादक टेकच्या मध्यावर म्यूट काढून पूर्ण ताकदीने वाजवतो. त्या एका स्वरात टेक जातो. सरळ दोन माइक लावा, एक जवळ म्यूटसाठी, एक मागे उघड्या बेलसाठी, आणि दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर घ्या. दुसरा माइक नसेल तर म्यूट काढताना दोन पावलं मागे सरकायची तालीम वादकाकडून करून घ्या.

कप म्यूटला ३०-४० सेंटिमीटर पुरतात. प्लंजरला (बेलसमोर हाताने उघडझाप करायच्या रबरी वाटीला) त्याहून थोडी जास्त मोकळी जागा द्या, नाहीतर हाताची उघडझाप माइकवर आदळते आणि 'वा-वा'चा पूर्ण घेर ऐकू येत नाही.

फ्लूगलहॉर्न मुळातच मऊ, गडद. त्यावर गडद रिबन लावलात की लोकरीवर घोंगडी. तिथे कंडेन्सर काढा, किंवा रिबन झोताच्या जवळ आणा.

सातवी पायरी: सगळे एकत्र वाजवत असतील तर

आता माइक ट्रम्पेटपेक्षा ड्रमच्या झांजा कशा ऐकतो ते महत्त्वाचं ठरतं. इतर वाद्यांच्या आवाजाची गळती होणारच; ती सुश्राव्य हवी. स्वस्त कार्डिऑइड (मागून कमी ऐकणारा) माइक बाजूने आलेल्या राइड सिंबलचा आवाज विस्कटून टाकतो आणि मग ट्रम्पेटचा फेडर (पातळीची सरकपट्टी) वर केला की सगळा ड्रम घाण होतो. फिगर-ऑफ-एट रिबनला दोन्ही बाजूंना, ९० अंशांवर, जवळजवळ बहिरे कोपरे असतात. माइक असा फिरवा की राइड सिंबल किंवा सॅक्सोफोन त्या कोपऱ्यात येईल. ५-१० अंशांनीही फरक पडतो, म्हणून एकाने माइक फिरवायचा आणि दुसऱ्याने हेडफोनवर ऐकायचं. दोन वाद्यांच्या माइकमधलं अंतर, माइक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा.

आठवी पायरी: परीक्षा

दोन-तीन उमेदवार माइक एकाच जागी, डोकी जितकी जवळ येतील तितकी जवळ लावून एकाच टेकमध्ये वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या. वेगवेगळे टेक तुलनेला निरुपयोगी. दुसऱ्या वेळी वादक गरम झालेला असतो आणि श्रेय माइकला जातं. खालचे लांब स्वर, मधल्या सप्तकातली हळू फ्रेज, वरचे जोरकस स्वर आणि एखादा म्यूट एवढं वाजवून घ्या. २४ बिटवर, शिखरं उणे १२ ते उणे १० डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचं माप, त्यात शून्य म्हणजे कमाल) आसपास राहतील असं बघा.

ऐकताना सगळ्या ट्रॅकची पातळी कानाला सारखी करा. थोडा मोठा वाजणारा माइक नेहमी 'चांगला' वाटतो. ट्रॅकची नावं झाका. एकट्याने ऐकून झालं की बास आणि ड्रमबरोबर ऐका; एकट्याने मंद वाटलेला रिबन बँडमध्ये अनेकदा बरोबर जागेवर बसतो. आणि ४ किलोहर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबलहून जास्त कापावंसं वाटत असेल तर ईक्यूवरचा हात काढा, उठून माइकची जागा बदला. ८० हर्ट्झचा लो कट मात्र बिनधास्त लावा, ट्रम्पेटचं तिथे काही नसतं.

निवड तुमच्यापुरती ठेवू नका. वादकाला नावं न सांगता ऐकवा आणि विचारा, यातला तू कोणता. बहुतेक वेळा तो बोट ठेवतो तो सगळ्यांत उजळ ट्रॅक नसतो.

एकच माइक घ्यायचा असेल तर माझा हिशोब असा: खोली बरी आणि काम मुख्यतः उघड्या ट्रम्पेटचं, तर रिबन. खोली वाईट, तर आरई२० किंवा एमडी ४२१. म्यूट, फ्लूगलहॉर्न आणि शिवाय पियानो-बासही त्याच माइकवर घ्यायचे असतील, तर पॅडवाला मल्टिपॅटर्न कंडेन्सर. जमलेल्या सेटिंगचा मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढा, फोटोत मोजपट्टी धरा, आणि गेनचा आकडा कागदावर लिहून तो कागदही फोटोत येऊ द्या. पुढच्या महिन्यात वादक "मागच्या वेळेसारखाच" म्हणत येईल, तेव्हा हा फोटो लागेल.